पुलापलीकडचा मतदारसंघ

मीरा रोड आणि भाईंदरकडे जाणारा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जेथे मिळतो, त्या काशीमीरा नाक्यापासून उत्तरेकडे थोड्याच अंतरावर वसईच्या खाडीवरील वरसावे पूल लागतो, आणि तो ओलांडताच ठाणे जिल्ह्याची हद्द संपून पालघर जिल्हा सुरू होतो. लोकसभेच्या दृष्टीने ही हद्द अधिकच ठळक आहे. कारण पुलाच्या अलीकडचे काशीमीरा ठाणे लोकसभा मतदारसंघात मोडते, तर पलीकडच्या काठापासून गुजरातच्या सीमेपर्यंत पालघर हा अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेला मतदारसंघ पसरलेला आहे. प्रशासनाच्या इतर व्यवस्थांनी मात्र ही खाडी एवढी मनावर घेतलेली नाही. २०२० साली स्थापन झालेले मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय दोन्ही काठांवर एकाच आयुक्तांचा अंमल चालवते, आणि मीरा-भाईंदर शहरासाठी योजलेले सूर्या प्रकल्पाचे पाणीही पालघर जिल्ह्यातल्याच धरणातले आहे. दोन्ही काठांचे व्यवहार असे गुंतलेले असूनही मतदान वेगवेगळ्या खासदारांसाठी होते, आणि पलीकडच्या काठावरची निवडणूक कशी लढवली जाते, याची काशीमीऱ्यातील मतदाराला सहसा फारशी कल्पना नसते.

ती कल्पना येणे अगत्याचे आहे, कारण बहुतांशी ग्रामीण समजल्या जाणाऱ्या मुलुखातील संसदीय निवडणूक प्रत्यक्षात कोणत्या हिशेबावर ठरते, हे पाहण्यासाठी पालघरइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. येथे कातकरी, वारली, मल्हार कोळी आणि कोकणा या आदिवासी समाजांची गावे व पाडे आहेत, किनाऱ्यावर मच्छीमारांचे कोळीवाडे आहेत, बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे, आणि दक्षिणेच्या टोकाला वसई, नालासोपारा व विरार यांची दाट लोकवस्ती आहे. एकाच खासदाराने या सगळ्यांच्या वतीने दिल्लीत बोलायचे असते.

हा मतदारसंघ आजच्या रूपात फार जुना नाही. २००८ साली देशभरातील मतदारसंघांची पुनर्रचना अमलात आली. पुनर्रचना म्हणजे जनगणनेतील लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणे; ही आखणी २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. त्यापूर्वी या भागात डहाणू नावाचा राखीव मतदारसंघ होता, आणि वसई व पालघर हे विधानसभेचे भाग मात्र गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली यांच्यासह उत्तर मुंबई मतदारसंघात मोडत असत. सातपाटीचा मच्छीमार आणि मालाडचा नोकरदार एकाच खासदाराला मत देत, ही आज चमत्कारिक वाटणारी गोष्ट २००४ पर्यंत घडत होती. राम नाईक यांनी अनेक वेळा या जागेवरून विजय मिळवला आणि २००४ मध्ये चित्रपट अभिनेते गोविंदा यांच्याकडून त्यांचा पराभव झाला, तेव्हा वसईच्या पट्ट्यातील मतांकडेही सर्वांचे लक्ष होते. पुनर्रचनेनंतर वसईचा पट्टा मुंबईपासून तोडून डहाणूच्या आदिवासी मुलुखाला जोडण्यात आला आणि नव्या मतदारसंघाला पालघर हे नाव मिळाले. पालघर जिल्हा तर त्याच्याही नंतरचा. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन तो १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला.

राखीव मतदारसंघ या संकल्पनेबद्दल शहरी वाचकांत एक गैरसमज वारंवार आढळतो. राज्यघटनेच्या ३३० व्या अनुच्छेदानुसार लोकसभेच्या काही जागा अनुसूचित जाती व अनुसूचित जमातींसाठी राखून ठेवलेल्या असतात; महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी अनुसूचित जातींसाठी पाच, तर जमातींसाठी पालघर, दिंडोरी, नंदुरबार आणि गडचिरोली-चिमूर अशा चार जागा राखीव आहेत. अनुसूचित जमातींची जागा जेथे त्यांच्या लोकसंख्येचे प्रमाण सर्वाधिक असेल तेथेच ठेवली जाते, हा पुनर्रचनेचा नियम आहे. परंतु राखीव असतो तो केवळ उमेदवार. मतदार राखीव नसतात. उमेदवार अनुसूचित जमातीचा असावा लागतो, पण त्याला निवडून देण्याचा हक्क मतदारयादीत नाव असलेल्या प्रत्येकाला असतो, मग तो मोखाड्याच्या पाड्यावरचा शेतमजूर असो किंवा नालासोपाऱ्याच्या चाळीत राहून रोज लोकलने अंधेरी गाठणारा कामगार असो. पालघरच्या राजकारणाचे सारे पेच या एका तरतुदीतून निर्माण होतात.

लोकसभेच्या या मतदारसंघात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात. डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर हे चार अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, तर नालासोपारा आणि वसई हे दोन खुले आहेत. नकाशावर पाहिले तर हे दोन भाग दक्षिणेच्या कोपऱ्यात दाटीने बसलेले दिसतात आणि उरलेला सारा विस्तीर्ण मुलूख राखीव भागांचा आहे. मतदारयादी मात्र नकाशाप्रमाणे चालत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पालघरमध्ये एकूण सुमारे साडेएकवीस लाख मतदार होते, त्यांपैकी एकट्या नालासोपाऱ्यात पाच लाखांहून अधिक, आणि वसई त्याला जोडली तर जवळजवळ दोन-पंचमांश मतदार या दोन भागांतच भरतात. शिवाय बोईसर विधानसभा मतदारसंघातही वसई तालुक्याचा काही भाग येतो, त्यामुळे शहरी किंवा निमशहरी मताचे वजन कागदावर दिसते त्याहून अधिकच आहे. डहाणूत याच यादीत तीन लाखांहून कमी मतदार होते.

या विषमतेला दुसरी बाजू आहे, आणि ती बहुतेक विश्लेषणांत हातातून निसटते. मतदानाच्या दिवशी ग्रामीण भाग रांगेत उभा राहतो आणि शहरी भाग मोठ्या प्रमाणात घरीच थांबतो. २० मे २०२४ रोजी पाचव्या टप्प्यात झालेल्या मतदानात संपूर्ण मतदारसंघाची टक्केवारी ६४ च्या आसपास राहिली. परंतु डहाणू व विक्रमगड येथे ती सत्तरीच्या पुढे गेली, तर नालासोपाऱ्यात ती पन्नाशीच्या थोडीच वर सरकली. मतदारयादीत जवळपास दुपटीचे असणारे अंतर प्रत्यक्ष मतदान यंत्रात त्यामुळे बरेच आक्रसते. त्याच दिवशी काशीमीरा ज्या ठाणे मतदारसंघात आहे, तेथील मतदानही निम्म्याच्या जेमतेम पुढे गेले होते, तेव्हा पुलाच्या अलीकडच्या मतदारांनी नालासोपाऱ्याला नावे ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

ग्रामीण भागातील या उत्साहामागे राजकीय जागृतीचा जुना इतिहास आहे. १९४५ साली डहाणू-तलासरी भागात वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला, आणि किसान सभेच्या गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांनी त्याचे नेतृत्व केले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे वर्षानुवर्षे, काही वेळा आयुष्यभर राबावे लागणारा मजूर म्हणजे लग्नगडी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह काही जण ठार झाले. या लढ्याची हकिकत गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात सांगितली आहे, आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. लढ्याचे राजकीय फलित असे की या पट्ट्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष टिकून राहिला. १९७७ साली लहानू कोम डहाणूतून त्याच पक्षाचे खासदार झाले, आणि आजही महाराष्ट्र विधानसभेतील त्या पक्षाचे एकमेव आमदार विनोद निकोले हे डहाणूचेच आहेत. १९८० पासून काँग्रेसचे दामोदर शिंगडा यांनी सलग चार वेळा ही जागा राखली आणि २००४ मध्ये ती पाचव्यांदा जिंकली. मधल्या काळात १९९६ आणि १९९९ साली भारतीय जनता पक्षाचे चिंतामण वनगा निवडून आले, तर १९९८ साली काँग्रेसचे शंकर नम. वनगा हे तलासरी तालुक्यातले, व्यवसायाने वकील, आणि मार्क्सवाद्यांच्या बालेकिल्ल्यात वनवासींसाठी काम करणाऱ्या संघटनांच्या बळावर उभे राहिलेले नेते होते.

पुनर्रचनेनंतरची पहिली निवडणूक २००९ साली झाली आणि वसईचा पट्टा जोडल्याचा परिणाम तत्काळ दिसून आला. वसई-विरारमध्ये हितेंद्र ठाकूर यांच्या बहुजन विकास आघाडीचा दबदबा होता. या आघाडीचे उमेदवार बळीराम जाधव २,२३,२३४ मते घेऊन विजयी झाले. वनगा यांना २,१०,८७४ मते मिळाली, काँग्रेसचे शिंगडा तिसऱ्या क्रमांकावर गेले, आणि मार्क्सवादी उमेदवाराच्या वाट्याला सुमारे ९२ हजार मते आली. जो पक्ष मुळात एका शहराच्या परिसरातला होता, त्याने पाड्यापाड्यांवर संघटना नसतानाही राखीव जागा जिंकली. उमेदवार आदिवासी, पण त्याच्या मागे उभे असलेले बळ शहरी, असे हे गणित तेव्हापासून प्रत्येक पक्षाने ध्यानात ठेवले आहे.

२०१४ च्या लाटेत वनगा यांनी ५,३३,२०१ मते मिळवून जाधव यांना सुमारे २ लाख ४० हजार मतांनी हरवले. मुदत पूर्ण होण्यापूर्वीच ३० जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि जागा रिकामी झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार रिकाम्या जागेसाठी सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यावी लागते. ती २८ मे २०१८ रोजी झाली, आणि ग्रामीण मतदारसंघात राष्ट्रीय पक्ष कसे वागतात याचे दर्शन तिने जेवढे घडवले, तेवढे त्यापूर्वीच्या वा नंतरच्या कुठल्याही निवडणुकीने घडवलेले नाही.

प्रारंभ झाला तो उमेदवारांच्या अदलाबदलीने. आपल्याला डावलले जात असल्याची वनगा कुटुंबाची भावना झाली आणि मे महिन्याच्या सुरुवातीला कुटुंब शिवसेनेत दाखल झाले. दिवंगत खासदारांचे पुत्र श्रीनिवास वनगा यांना शिवसेनेने उमेदवारी दिली. भाजपने त्यावर काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना पक्षात घेऊन रिंगणात उतरवले. काँग्रेसने शिंगडा यांना पुन्हा उभे केले, बहुजन विकास आघाडीने जाधव यांना, आणि मार्क्सवादी पक्षाने किरण गहला यांना. केंद्रात आणि राज्यात एकत्र सत्तेत असणारे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध एवढ्या त्वेषाने लढत होते की, राज्याच्या मुख्यमंत्र्यांच्या भाषणाची एक ध्वनिफीत शिवसेनेच्या पक्षप्रमुखांनी जाहीर सभेत ऐकवली, आणि उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ यांना वसई-विरारच्या उत्तर भारतीय मतदारांसाठी सभेला आणले गेले. मुळात आदिवासींसाठी राखलेल्या जागेचा प्रचार विरारच्या मैदानावर हिंदीतून होत होता, एवढे एक दृश्य या मतदारसंघाची जात ओळखायला पुरे होते.

ग्रामीण प्रश्न पुढे येण्याची वेळ खरे तर तीच होती. त्याच वर्षी ६ ते १२ मार्च या दिवसांत किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत आले होते, आणि वनहक्क कायद्याखाली कसत असलेल्या जमिनी नावावर करून देण्याची त्यांची मागणी सरकारला लेखी मान्य करावी लागली होती. या मोर्चानंतर अडीच महिन्यांतच मतदान झाले. तरीही मुख्य प्रचारात वनजमिनींपेक्षा युतीतील मानापमानालाच अधिक जागा मिळाली. मतदानाच्या दिवशी उन्हाचा कडाका होता, अनेक केंद्रांवर यंत्रे आणि मतपावती यंत्रे बंद पडल्याच्या तक्रारी झाल्या, आणि मतदान निम्म्याच्या आसपास थांबले.

३१ मे रोजी निकाल लागला. गावित यांना २,७२,७८२, वनगा यांना २,४३,२१० आणि जाधव यांना २,२२,८३८ मते मिळाली. गावित २९,५७२ मतांनी विजयी झाले. गहला यांना ७१,८८७ तर शिंगडा यांना ४७,७१४ मते पडली आणि दोघांची अनामत जप्त झाली. वैध मतांच्या एकषष्ठांशाहून कमी मते मिळाल्यास उमेदवारी अर्जासोबत भरलेली रक्कम परत मिळत नाही, तिला अनामत जप्त होणे म्हणतात. सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो, मग त्याला निम्मी मते मिळोत वा न मिळोत, ही आपली पद्धत असल्यामुळे प्रत्यक्ष मतदान केलेल्या तिघांपैकी एकाचाही पूर्ण पाठिंबा नसताना खासदार निवडला गेला.

आकडे थोडे वेगळ्या रीतीने मांडले की निकालाचा दुसरा चेहरा दिसतो. २०१८ मध्ये एकमेकांविरुद्ध लढलेल्या भाजप आणि शिवसेना यांच्या मतांची बेरीज ५,१५,९९२ होते. २०१४ मध्ये युतीच्या एकाच उमेदवाराला ५,३३,२०१ मते होती, आणि २०१९ मध्ये युती पुन्हा जुळल्यावर ५,८०,४७९. उमेदवार बदलले, पक्षांचे एकमेकांशी असलेले संबंध टोकाला गेले, गावित तर २०१८ मध्ये कमळावर आणि २०१९ मध्ये धनुष्यबाणावर उभे राहिले, तरीही या दोन पक्षांचा एकत्रित मतदार फारसा हलला नाही. २०१८ मध्ये जिंकण्यासाठी भाजपला नवे मतदार मिळवण्याची गरज नव्हती. मित्रपक्षाहून मोठा वाटा आपल्याकडे ठेवणे आणि विरोधी मते तीन ठिकाणी विखुरलेली राहणे एवढेच आवश्यक होते. विरोधकांपैकी आघाडी, मार्क्सवादी आणि काँग्रेस यांची मते एकत्र केली तर ती तीन लाख बेचाळीस हजारांवर जातात. ही तिघांची बेरीज कागदावरची आहे हे खरे, कारण डहाणूचा मार्क्सवादी मतदार विरारच्या आघाडीला मत देईलच असे नाही. पण २०१९ मध्ये काँग्रेस, राष्ट्रवादी आणि मार्क्सवादी पक्षाच्या पाठिंब्यावर जाधव यांनी ४,९१,५९६ मते घेऊन युतीशी अंतर ८८,८८३ पर्यंत आणले, यावरून ती निव्वळ कागदी नव्हती असे म्हणता येते. भंडारा-गोंदिया या ग्रामीण मतदारसंघात त्याच २८ मे रोजी पोटनिवडणूक झाली होती. तेथे विरोधक एकत्र होते आणि राष्ट्रवादीचे मधुकर कुकडे भाजपच्या हातून जागा घेऊन गेले.

तुलनेसाठी दूरचे एक ग्रामीण उदाहरण घेऊ. पालघरच्या या पोटनिवडणुकीच्या सुमारे एक वर्ष आधी, २५ मे २०१७ रोजी, अमेरिकेच्या माँटाना राज्यात काँग्रेसच्या जागेसाठी अशीच पोटनिवडणूक झाली होती. अमेरिकेतील काँग्रेस म्हणजे तेथील संसद. आपल्या पक्षाशी त्या नावाचा संबंध नाही. माँटाना हे क्षेत्रफळाने महाराष्ट्राहून मोठे आणि लोकसंख्येने मात्र जेमतेम ११ लाखांचे, म्हणजे पालघरच्या मतदारसंख्येच्या निम्मे राज्य आहे, आणि तेव्हा त्याच्या वाट्याला प्रतिनिधिगृहात एकच जागा होती. खासदार रायन झिंके मंत्रिमंडळात गेल्याने ती रिकामी झाली होती. रिपब्लिकन पक्षाचे ग्रेग जियानफोर्टे यांनी मतदानाच्या आदल्या संध्याकाळी एका वार्ताहराला जमिनीवर आपटले आणि त्यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला, तरीही ते सुमारे सहा टक्के मतांच्या फरकाने जिंकले. कारण मोठ्या संख्येने मतदारांनी आधीच टपालाने मतदान केले होते आणि ग्रामीण भागाची पक्षनिष्ठाही पक्की होती.

या दोन निवडणुकांमधील साम्य अर्थातच मर्यादित आहे, पण फरक बोधप्रद आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याला, लोकसंख्या कितीही असो, सिनेटमध्ये दोन जागा असतात. त्यामुळे माँटाना आणि कॅलिफोर्निया वरच्या सभागृहात समान ठरतात आणि ग्रामीण राज्यांना लोकसंख्येच्या मानाने बराच अधिक आवाज मिळतो. आपल्याकडे राज्यसभेच्या जागाही मुख्यतः लोकसंख्येवर वाटलेल्या आहेत, आणि राज्याच्या आतील ग्रामीण भागाला तर अधिक वजन देणारी कुठलीच तरतूद नाही. उलट अमेरिकेत मूळ अमेरिकन जमातींसाठी राखीव जागा नाहीत, आणि भारतात आदिवासींना त्या आहेत. म्हणजे एका देशात ग्रामीण प्रदेशाला झुकते माप आणि दुसऱ्या देशात वंचित समाजाला आश्वासन. पालघरसारख्या ठिकाणी जेथे ग्रामीण असणे आणि आदिवासी असणे हे बरेचसे एकच आहे, तेथे या आश्वासनाचा फायदा उमेदवाराच्या पातळीवर मिळतो आणि मतांच्या पातळीवर शहराकडे सरकतो.

२०२४ मध्ये जागा पुन्हा भाजपकडे गेली आणि माजी आदिवासी विकास मंत्री दिवंगत विष्णू सवरा यांचे पुत्र डॉ. हेमंत सवरा ६,०१,२४४ मते घेऊन निवडून आले. शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाच्या भारती कामडी यांना ४,१७,९३८, तर आघाडीचे राजेश पाटील यांना २,५४,५१७ मते मिळाली. या दोघांची बेरीज विजयी उमेदवाराहून अधिक भरते. तेव्हा मतविभागणीचा धडा २०१८ मध्ये गिरवला गेला आणि २०२४ मध्ये पुन्हा विसरला गेला. या साऱ्या काळात ‘नोटा’ म्हणजे वरीलपैकी कोणीही नाही हा पर्याय निवडणारे येथे लक्षणीय संख्येने होते. २०१९ मध्ये सुमारे साडेएकोणतीस हजार मतदारांनी तो वापरला आणि तो आकडा त्या वर्षी राज्यात सर्वाधिक होता. मतदान केंद्रापर्यंत चालत जाऊन कोणालाच मत न देण्यामागे प्रत्येकाचे कारण वेगळे असते. तथापि वाढवण बंदराला विरोध करणाऱ्या किनाऱ्यावरच्या गावांत आणि बुलेट ट्रेनसाठी जमीन द्यावी लागणाऱ्या पाड्यांत राजकीय पक्षांविषयी दाटलेला अविश्वास त्यात मिसळलेला असणे सहज शक्य आहे. वाढवणला १९९८ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता. पुढे सुमारे ७६ हजार कोटींच्या नव्या प्रस्तावाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये, म्हणजे लोकसभेचा निकाल लागल्यानंतर अवघ्या पंधरवड्यात, मंजुरी दिली.

काशीमीऱ्यातील वाचकाला थेट भिडणारा विषय मात्र पाण्याचा आहे. सूर्या नदीवरचे धामणी धरण मुळात डहाणू, पालघर आणि विक्रमगड तालुक्यांच्या सिंचनासाठी बांधलेले होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या प्रादेशिक योजनेत याच पाण्यातून दररोज ४०३ दशलक्ष लिटर वसई-विरार आणि मीरा-भाईंदर यांना द्यायचे ठरले, आणि त्यांपैकी मीरा-भाईंदरचा वाटा २१८ दशलक्ष लिटर, म्हणजे वसई-विरारहूनही मोठा आहे. धरणाखालचे शेतकरी आपल्या कालव्याचे पाणी कमी होईल म्हणून विरोध करतात आणि शहरातील इमारती टँकरवर काढलेले उन्हाळे मोजतात. दोन्ही बाजूंची गरज खरी आहे. पण वाद जेव्हा वसई-विरार आणि डहाणू यांच्यात असतो तेव्हा तो एकाच खासदाराच्या दारात येतो, आणि शहराकडे मते अधिक असल्याने त्याची दिशा ठरण्याची शक्यता अधिक असते. मीरा-भाईंदरच्या बाबतीत तर वादाचे दोन पक्ष दोन वेगळ्या मतदारसंघांत राहतात, त्यामुळे डहाणूच्या शेतकऱ्याच्या मताला काशीमीऱ्यात आणि काशीमीऱ्याच्या मताला डहाणूत काहीच किंमत उरत नाही.

मतदारसंघाच्या सीमेने माणसेही अशीच विभागली जातात. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड या डोंगराळ तालुक्यांत भातकापणी आटोपली की काम उरत नाही. कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर वसई, भिवंडी, ठाणे येथील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मतदारयादीतील नाव गावात राहते, आणि माणूस मतदानाच्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्याच मतदारसंघात विटा थापत असतो. त्याला मत देण्यासाठी गावी जाऊन यायचे म्हणजे प्रवासखर्चाबरोबर एक-दोन दिवसांची मजुरीही सोडावी लागते, कारण सुट्टीचा कायदा कागदावर असला तरी मुकादमाचा हिशेब रोजच्या कामावर चालतो. तरीही या तालुक्यांची मतदानाची टक्केवारी सत्तरीच्या पुढे जाते, यावरून जे गावात असतात ते किती निष्ठेने मतदान करतात याचा अंदाज बांधता येतो. खुद्द काशीमीऱ्याच्या डोंगरपायथ्याला, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला माशाचा पाडा आणि चेणे परिसरात पिढ्यान् पिढ्या राहणारी आदिवासी कुटुंबे आहेत. त्यांची नावे ठाण्याच्या यादीत आहेत आणि तेथील जागा राखीव नाही, म्हणून आरक्षणाचे आश्वासन पुलापलीकडच्या नातलगांना लाभते, त्यांना लाभत नाही.

हे सगळे चित्र पुढील काही वर्षांत बदलण्याची शक्यता आहे. लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय संख्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेली आहे, आणि ती जनगणना २०२७ मध्ये घेण्याचे जाहीर झाले आहे. तिच्यानंतर नव्याने पुनर्रचना झाली तर वसई-विरार आणि मीरा-भाईंदर यांसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरांचे मतदारसंघ लहान होऊन त्यांची संख्या वाढेल, आणि जेथे लोकसंख्या संथ गतीने वाढली आहे तेथील मतदारसंघ आकाराने पसरतील. वसईचा पट्टा पालघरपासून वेगळा झाला तर उरलेल्या भागातील राखीव जागा खऱ्या अर्थाने आदिवासी मतदारांच्या हातात येईल; पण हा पट्टा तसाच राहून मीरा-भाईंदरचा एखादा तुकडा त्याला जोडला गेला, तर काशीमीराही त्याच मतदारसंघात जाऊ शकेल आणि ग्रामीण मताचे वजन आणखी घटेल. नियमानुसार पुनर्रचना आयोगाने आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवायच्या असतात आणि जाहीर सुनावण्या घ्यायच्या असतात. अंतिम आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यावर त्याला न्यायालयात आव्हान देण्याची वाट घटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाने जवळपास बंद केलेली आहे, म्हणून जव्हारच्या ग्रामसभेला किंवा काशीमीऱ्याच्या गृहनिर्माण संस्थेला काही म्हणायचे असेल तर ते आराखड्यानंतरच्या त्या काही आठवड्यांतच लेखी द्यावे लागेल.